चार पाऊण तीन

माणगाव, २५ नोव्हेंबर

मृणाली,

काल तुझ्या शाळेत येऊन गेले. तू नव्हतीस. केंद्रशाळेत प्रशिक्षण होतं, असं निकेत सरांनी सांगितलं.

फोन करता आला असता. तुझा नंबर आहे. पण फोनवर मी पटकन खोटं बोलते. कागदावर वेळ लागतो.

सध्या मी एका संस्थेसाठी सर्वेक्षण करते. सरकारी शाळांत आरोग्यशिक्षण होतं का, मुलांच्या सुरक्षिततेचं काही धोरण आहे का, ते बघायचं. टॅबमध्ये एकाहत्तर प्रश्न आहेत. प्रत्येकाला तीनच उत्तरं: आहे, नाही, लागू नाही. शेवटी शेऱ्यासाठी एक चौकट. माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे. तुझी नोकरी कायमची. तुला असल्या तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

तुझी शाळा पंचेचाळिसावी. आधीच्या चव्वेचाळीस शाळांमधल्या एकीत तक्रारपेटी आहे, पण तिची चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. एका शाळेत अग्निशामक इतका उंच टांगला आहे की खुर्चीवर चढावं लागतं. एका भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं सुरेख चित्र आहे, त्याखालच्या नळाला पाणी नाही. चित्रापुढे मी ‘आहे’ लिहिलं, पाण्यापुढे ‘नाही’.

तुझ्याकडे पाणी होतं. जुन्या जाळ्याचा तुकडा शिवून केलेल्या पिशवीत साबण टांगलेला होता, म्हणजे तो वाहून जात नाही आणि कोणी नेतही नाही. मुलींच्या शौचालयाला आतून कडी होती. प्रथमोपचार पेटीतल्या मलमाची मुदत संपलेली नव्हती. मी ट्यूब उलटी करून दोनदा तारीख वाचली.

सोमवार होता, लोहाच्या गोळ्यांचा दिवस. खिचडी करणाऱ्या नीराबाईनं मला गोळ्यांच्या डब्याला हात लावू दिला नाही. “मृणालीबाय सकाली शाला उगडून, सांगून गेलीय, पोटात भात गेल्याबिगर गोली न्हाय.”

सातवीच्या मुलींना विचारलं, पाळीबद्दल कोणी सांगितलं? बाईंनी. साप चावला तर काय करायचं? बाई म्हणतात, पाय हलवायचा नाही. कोणी नको तसा हात लावला तर? बाईंना सांगायचं, बाई नसतील तर निकेत सरांना, ते नसतील तर नीराबाईला. एकाही मुलानं ‘शाळेत शिकवलं’ असं म्हटलं नाही. सगळं बाईंनी.

नीराबाईनं मला ओळखलं. “गुरुजींची पोर ना तू? वाललीस गो.” मग म्हणाली, “गुरुजी कशे हायत? मृणालीबायला लय आठवन येते त्यांची.”

मी म्हटलं, बरे आहेत.

मी साडेदहाला पोचले तेव्हा अर्धी शाळा होऊन गेली होती. साडेबाराला सुटली. बाहेरच्या फलकावर मात्र साडेदहा ते पाच लिहिलेलं आहे. वर्गातल्या पाटीवर तारखेखाली काही आकडे होते. मी फार लक्ष दिलं नाही.

शाळा चांगली आहे.

कल्पिता


माणगाव, ३ डिसेंबर

मृणाली,

तुला शिक्षण कार्यालयाचं पत्र गेलं, त्याची प्रत आमच्याकडे आली. ‘शाळा मंजूर वेळेनुसार साडेदहा ते पाच भरवावी.’ कारण म्हणून आमच्या सर्वेक्षणाचा उल्लेख आहे. सरकारी कागद एरवी इतक्या लवकर हलत नाही.

आम्ही फक्त नोंद करतो. पुढचं ते बघतात.

त्रेसष्टावा प्रश्न असा आहे: शाळा मंजूर वेळेत भरते का? मी ‘नाही’ लिहिलं. ते खरं आहे. शेऱ्यात लिहिलं, ‘वेळ अनियमित. कारण आढळले नाही.’ निकेत सर म्हणाले होते, “मॅडम, ते भरतीचं असतं. बाईंना जास्त माहीत.” बाई नव्हत्या. बारावा प्रश्न होता, लेखी सुरक्षा धोरण आहे का? त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, सर, पाटी रोज पुसली जाते, रोज पुसलं जातं ते धोरण नव्हे. ते हसले. तुझ्या शाळेत सगळ्यांना हसायला जमतं.

पाटीवर काय होतं ते आता लिहिते. ‘चतुर्थी. चार पाऊण तीन.’

तुझं अक्षर अप्पांसारखं झालं आहे.

माझं अक्षर कोणासारखं आहे, असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुला आठवत असेल, बेटवाडीतून खाडी ओलांडून शाळेत येणारी त्या वेळी तू एकटीच होतीस. चतुर्थी ते सप्तमी दुपारी पायवाट पाण्याखाली जायची, म्हणून महिन्यातून दोनदा तू चार-चार दिवस आमच्याकडे राहायचीस. माझ्या अंथरुणात झोपायचीस. जेवताना अप्पांच्या शेजारी बसायचीस, आणि मी समोर. पाहुणी म्हणून, असं आई म्हणायची. महिन्यातले आठ दिवस पाहुणी.

ते तुला विचारायचे, “पाच पाऊण?” तू घास थांबवून म्हणायचीस, “पावणेचार.” तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. मलाही येत होतं. मी तुझ्या आधी म्हणायचे. ते म्हणायचे, “तुला विचारलं नाही.” पुढे म्हणायचे, “तुला येतंच.”

येतंच, म्हणून विचारायचं नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे.

रोज सकाळी पाटीवर भरती लिहायचं काम माझं होतं. मी गुरुजींची मुलगी. सहावीत असताना ते त्यांनी माझ्याकडून काढून तुला दिलं. कारण सांगितलं नाही.

वेळापत्रकाचं बघ. आठवड्याभरात पालन झाल्याचा अहवाल मागतील.

कल्पिता


माणगाव, ९ डिसेंबर

मृणाली,

काल संध्याकाळी मला फोन आला. सर्वेक्षण झालं की आम्ही मुलांच्या हाती एक कागद घरी देतो: सुरक्षिततेबद्दल काही सांगायचं असल्यास या क्रमांकावर कळवा. क्रमांक माझाच असतो. पंचेचाळीस शाळांमधून आजवर एकही फोन आला नव्हता.

“हालो. ह्या कागदावर लंबर हाय म्हनून लावला.”

“बोला आजी.”

“ठमाबाई बोलते, बेटवाडीशी. सवासा वाजले. नात आली न्हाय. मनाली. सातवीला हाय.”

“शाळा पाचला सुटते, आजी.”

“ती सुटते गो. पानी कुटं सुटतंय?”

मी घड्याळाकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “लिवून घेतलंस का? मनाली नाव हाय.”

मी लिहून घेतलं. माझ्याजवळ पेन होतं आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तुझा नंबर लावला. लागला नाही. तुझा फोन पाण्यात भिजला होता हे मला आज कळलं.

आज सकाळी मी ठमाबाईंना फोन केला. आली म्हणाल्या. “बायनी उचलून आनली. पोरगी तिवराच्या झाडाला धरून हुबी व्हती, पानी छातीला. बायचा पाय कालवांच्या शिंपल्यांनी फाडला. सात टाके घातले.”

पुढचंही सांगितलं. घंटा झाल्यावर तू वाडीच्या नऊ पोरांना वर्गातच बसवून ठेवलंस. पण मनालीला घरी धाकटा भाऊ सांभाळायचा होता. पाच वाजले, शाळा सुटली, म्हणजे जायचं, असं तिनं धरलं आणि मागच्या दारानं निघाली. “पयली सकालची शाला व्हती ते बरा व्हता,” ठमाबाई म्हणाल्या. “कोन सायबीन आली नि बिगडवून गेली. तिला कोनी सांगितला नसंल.”

त्यांनी मला ओळखलं नाही. मी सांगितलं नाही.

काल चतुर्थी होती. भरती तीनला. खाडीत पाणी उशिरा आणि एकदम चढतं, उतरतं मात्र रेंगाळत. पाचला पायवाटेच्या मध्यावर छातीइतकं पाणी असतं, साडेसहाला गुडघ्याइतकं. हे मला टॅबनं सांगितलेलं नाही. मी अकरा वर्षांची असल्यापासून मला हे माहीत आहे.

आता खरं लिहिते. २४ नोव्हेंबरला तू शाळेत नसणार हे मला ठाऊक होतं. प्रशिक्षणाची यादी आमच्या व्हॉट्सॲप गटावर आली होती. तुझी शाळा माझ्या यादीत जानेवारीत होती, ती मी पुढे ओढून घेतली. पाटी मी दारातूनच वाचली. ‘कारण आढळले नाही’ हे लिहिताना माझ्यासमोर कारण होतं, आणि ते तुझ्या अक्षरात होतं.

ते अक्षर नसतं तर मी काय लिहिलं असतं, मला सांगता येत नाही.

आणखी एक. मागच्या दिवाळीत तू माणगावला आलीस आणि मी तुला दारातून परत पाठवलं. डॉक्टरांनी अप्पांना कोणाला भेटू देऊ नका सांगितलंय, असं म्हटलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. उलट म्हणाले होते, माणसं येऊ द्या, बोलणं सुधारेल. तू दिलेला चिवडा मी अप्पांना दिला. कोणी दिला ते सांगितलं नाही. त्यांनी एक घास घेतला आणि विचारलं, “मृणाली?” चिवड्यात सुक्या खोबऱ्याचे काप होते, त्यावरून.

मी म्हटलं, दुकानातला आहे.

पाय कोरडा ठेव. कालवांची जखम चिघळते.

कल्पिता


माणगाव, १५ डिसेंबर

मृणाली,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. ‘टाके सुकत आहेत. अप्पा जेवतात का?’

मी तीन पत्रं लिहिली, त्यांतल्या कशाचाही कार्डात उल्लेख नाही. तू चिडली असतीस तर मला सोपं झालं असतं. तू लहानपणीही अशीच होतीस. मी तुझी पेन्सिल मोडली की तू दोन्ही तुकड्यांना टोक करायचीस आणि एक मला द्यायचीस. आई म्हणायची, शिक काहीतरी. मी काय शिकले ते तुला माहीतच आहे.

अप्पा जेवतात. डाव्या हातानं. मऊ भात, सोलकढी. उजवी बाजू तशीच आहे. शब्द थोडे येतात. रोज सकाळी विचारतात, “तिथी?” माणगावात भरती कुठली. तरी मी सांगते. मग ते स्वतःशी पाऊणपट करतात. ओठ हलताना दिसतात. उत्तर मोठ्यानं सांगत नाहीत. ते ऐकायला समोर दुसरं कोणीतरी लागतं.

तुला कारणे दाखवा नोटीस आली आहे. विद्यार्थिनीच्या जिवाला धोका, मुलांना वेळेनंतर डांबून ठेवणे. सात दिवसांत खुलासा. याचीही प्रत आमच्याकडे आली. माझ्या साहेबांनी ती मला फाइलला लावायला दिली.

मी नोंद दुरुस्त करायला गेले. सादर केलेली नोंद बदलता येत नाही, असं टॅब सांगतो. म्हणून कागदावर लिहिलं. स्वतः कार्यालयात नेऊन दिलं, पोच घेतली, एक प्रत संस्थेला दिली. तुझी प्रत सोबत आहे. तरी इथे उतरवते:

‘मी याच गावात वाढले. शाळेच्या पाटीवरील भरतीची नोंद मला वाचता येते. चतुर्थी ते सप्तमी शाळा सकाळी भरवण्याचे कारण मला भेटीच्या वेळी ठाऊक होते. “कारण आढळले नाही” हा माझा शेरा खोटा आहे. ८ डिसेंबरचा प्रसंग वेळ बदलल्यामुळे घडला. मुख्याध्यापिकेने मुलांना डांबले नाही, पाणी उतरेपर्यंत सांभाळले.’

आवक-जावकच्या टेबलावरचे गृहस्थ ते वाचून म्हणाले, “मॅडम, स्वतःविरुद्ध अर्ज देताय? घरी विचारलंय का?”

घरी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. त्यासाठी आधी जुनं सांगावं लागलं, ते तुलाही सांगायला हवं.

सहावीत होते तेव्हाची गोष्ट. अप्पा एक दिवस सभेसाठी अलिबागला गेले होते. पंचमी होती, पावणेचारची भरती. तू रात्री आमच्याकडे राहणार होतीस. आईनं सकाळीच तुझ्यासाठी बोंबलाचं कालवण वेगळं काढून ठेवलं होतं, कमी तिखट. मी शाळेत गेले आणि पाटीवर लिहिलं, ‘द्वितीया. दोन पाऊण दीड.’ दीडची भरती म्हणजे पाचला वाट मोकळी.

तुला तिथी माहीत असणार. वाडीत कोणाला नसते? तरी तू पाचला दप्तर उचललंस आणि मला विचारलंस, “आज जाऊ ना मी घरी?” मी पाटीकडे बघितलं. तूही बघितलंस. अक्षर माझं होतं, म्हणून तू खरं धरलंस.

मधोमध पाणी तुझ्या गळ्याला लागलं. अप्पा नेमके त्याच वेळी खाडीकाठानं परत येत होते. त्यांनी तुला खांद्यावर घेऊन आणलं. तू सांगितलंस, माझीच चूक, मी तिथी विसरले.

त्यांनी दप्तर खाली ठेवलं आणि शाळेत गेले. पाटी अजून पुसलेली नव्हती. परत आल्यावर मला काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, “उद्यापासून पाटी मृणाली लिहील.”

म्हणजे मला कारण ठाऊक होतं. मी तुला लिहिलं की कारण सांगितलं नाही. माझा हा शेरा जुना आहे.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पाटीचं ऐकून चेहरा हलला नाही. नोटिशीचं ऐकून डोळे मिटले. मग एकच विचारलं. जीभ वळत नाही, वेळ लागला.

“ती आली होती? दिवाळीत?”

मी म्हटलं, हो.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. काल आणि आज मला तिथी विचारलेली नाही.

क.


माणगाव, २० डिसेंबर

मृणाली,

नोटीस मागे घेतली, हे तुला कळलंच असेल. वाडीच्या सगळ्या पालकांनी अंगठे आणि सह्या दिल्या, पहिला अंगठा ठमाबाईंचा. चतुर्थी ते सप्तमी शाळा सकाळी साडेसात ते साडेबारा, ही आता लेखी मंजुरी आहे. धोरण म्हणून शाळेच्या दर्शनी भागात लावायचं आहे. निकेत सरांनी मसुदा पाठवला. पाऊणपटीचा हिशेब अप्पांचा, खाली सही तुझी. मी त्यात कुठेच नाही. वाचताना मला पोटात दुखलं. हेही लिहून ठेवते, म्हणजे मी सुधारले असं तुला वाटायला नको.

माझं कंत्राट मार्चपर्यंत नाही. या महिन्याअखेर संपेल. साहेब म्हणाले, “तुमच्या बाकीच्या चव्वेचाळीस शाळांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?” मी म्हटलं, त्या शाळांत मी कोणाला ओळखत नव्हते. त्यांना ते उत्तर वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

अप्पा तिसऱ्या दिवशी बोलले. मी भात भरवत होते. म्हणाले, “तिथी?” मी सांगितली. त्यांनी पाऊणपट केली, आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मला विचारणार. इतक्या वर्षांनी मी उत्तर तयार ठेवून बसले होते. ते म्हणाले, “तिला बोलाव.”

बोलावते आहे. २४ तारखेला बुधवार आहे. चतुर्थी. चार पाऊण तीन. शाळा सकाळची. साडेबाराला वाडीची पोरं पलीकडे गेली की निघ, दुपारची एस.टी. मिळेल. माझं लिहिलेलं खरं धरू नकोस. तिथी पडताळून बघ.

पायाला ओझं नको, काही आणू नकोस. चिवडा आणलास तर आण.

पानं मी जमिनीवरच मांडेन. अप्पांना भिंतीला टेकवून बसवावं लागतं. त्यांच्या शेजारी तू बस. डावीकडे, म्हणजे त्यांचा हात पोचेल. मी समोर बसेन.

फक्त त्या दिवशी.

कल्पिता